भाकरी किती ग्रॅमची? मधुमेहींच्या आहाराची नोंद घ्यायला निघालेल्यांसाठी

आहारसल्लागार म्हणून माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत एका पानावर असं लिहिलंय: 'दुपारी भाकरी २, कोरड्यास (भाकरीबरोबरचं कालवण) १ वाटी. रात्री भाकरी दीड, भात थोडा.' सोलापूरकडच्या एका आजींची ती नोंद. मी भाकरी चपातीएवढीच धरली, म्हणजे एका भाकरीला ३० ग्रॅम पीठ, आणि हिशोब केला. आकडा इतका कमी आला की मला वाटलं, आजी काहीतरी लपवतायत. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा नऊ टक्क्यांच्या वर आणि खाणं एवढंसं? मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी काय खातेय गं पोरी, दोन भाकरी अन् कोरड्यास."

पुढच्या खेपेला त्यांनी फडक्यात बांधून भाकरी आणली आणि टेबलावर ठेवली. ताटाला कडेपर्यंत टेकणारी, करंगळीच्या पेरापेक्षा किंचितच पातळ. त्यांच्या सुनेला विचारलं, एक किलो पिठाच्या किती होतात? म्हणाली, बारा. म्हणजे एका भाकरीला ८३ ग्रॅम पीठ. आजी खरंच बोलत होत्या. खोटं होतं ते माझ्या वहीत.

हा लेख नव्या आहारसल्लागारांसाठी, आशाताईंसाठी आणि घरातल्या मधुमेही माणसाचं खाणं एकदा नीट मांडून बघायचंय अशा मुलासुनांसाठी आहे. औषधाची मात्रा यावरून कुणी बदलू नये. ते काम डॉक्टरांचं. पण डॉक्टरांसमोर खरा आकडा ठेवणं आपल्याला जमतं.

१. निघण्याआधी पिशवीत काय हवं

सामान फार लागत नाही. स्वयंपाकघरात ठेवायचा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, मापाचा चमचा (५ मिलीचा), पाणी मोजायचा पेला, कंबर मोजायला टेप आणि रेघांची वही. शिवाय हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. त्यात ५२८ अन्नपदार्थ आहेत.

घरच्यांना हे आणायला सांगा:

– तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (एचबीएवनसी) शेवटचा रिपोर्ट, आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर
– क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) रिपोर्ट असेल तर तो
– गोळ्यांची पाकिटं. नावं सांगायला लावू नका, "पांढरी छोटी गोळी" असं उत्तर येतं
– घरी साखर तपासायचं यंत्र असेल तर यंत्रच. त्यातले जुने आकडे त्यातच साठवलेले असतात, आणि ते वहीत लिहिलेल्यांपेक्षा भरवशाचे निघतात

काढे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथ्यांचं पाणी याबद्दलही विचारा. लोक ते औषधात धरत नाहीत आणि खाण्यातही नाही, म्हणून दोन्हीकडून सुटतं.

२. विचारायचं कुणाला

पुरुष रुग्ण असेल तर खाणारा एक आणि रांधणारी दुसरी. दोघंही समोर हवेत. किती खाल्लं हे काकांना माहीत असतं, त्यात काय पडलं हे काकूंना. काकांना विचाराल तर भाजीत दाण्याचा कूट नसतोच. काकूंना विचारलं की एका भाजीला मूठभर निघतो. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला जवळपास ४० ग्रॅम तेल असतं, म्हणून ही मूठ सोडून चालत नाही.

दारू, तंबाखू, मिसरी मात्र एकट्याला विचारा. सुनेसमोर सासरा सांगणार नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना उपाशीपोटी दारू झाली, तर साखर धोकादायकपणे खाली जाऊ शकते. म्हणून हे टाळून पुढे जाऊ नका.

३. कालचा दिवस, उठल्यापासून

"तुम्ही रोज काय खाता?" असं कधीही विचारू नका. उत्तरात आदर्श दिवस मिळतो. काल काय झालं ते विचारा, पहाटे डोळे उघडल्यापासून आज पहाटेपर्यंत. पहिल्या फेरीत मधे न बोलता नुसती यादी लिहून घ्या. दुसऱ्या फेरीत सुटलेलं आठवून द्या. तिसऱ्या फेरीत वेळ आणि जागा विचारा: घरी, रानात, टपरीवर, कुणाच्या दारात. मग प्रत्येक पदार्थ कसा केला, किती घेतला. शेवटी सगळं वाचून दाखवा. वाचून दाखवताना हमखास एखादा "हां, आणि ते पण" निघतो.

आपल्या भाषेचा एक चकवा इथे आहे. आपल्याकडे 'खाणं' म्हणजे पोटभरीचं. "सकाळी काही खाल्लं?" "नाही, काही नाही." मग "चहाबरोबर काय होतं?" विचारलं की दोन खारी बाहेर येतात. मी आता विचारते, "तोंडात काय टाकलं?" त्यावर चिवडा, फुटाणे, देवळातला प्रसाद, नातवाच्या पुड्यातली चार बिस्किटं, सगळं निघतं. बायकांना आणखी एक प्रश्न: उरलंसुरलं कोण संपवतं? वाया जाऊ नये म्हणून रात्री साडेदहाला भांडी घासायच्या आधी खाल्लेला भात कुणाच्याच नोंदीत नसतो.

'गोड सोडलंय' याचा अर्थही उकलून घ्या. पुष्कळांनी साखर सोडलेली असते आणि चहात गूळ आलेला असतो. रक्तातल्या साखरेच्या हिशोबात गूळ आणि साखर सख्खी भावंडं. चहा किती कप हे विचारू नका. किती वेळा, केवढ्या कपात आणि डब्यातला चमचा कोणता ते विचारा. सपाट भरलेला छोटा चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम साखर, पण डब्यात भाजीचा डाव असलेली घरंही मी पाहिली आहेत.

उत्तर ऐकताना भुवई वर गेली की संपलं. "अरे बापरे, चार भाकरी?" एवढं म्हटलंत की पुढच्या वेळेपासून दोनच सांगतील.

४. वाटी मोजा, भाकरी मोजा

इथे वेळ घालवा. बाकीच्या पायऱ्या थोड्या कच्च्या राहिल्या तरी भागतं, ही नाही.

आधी त्या घरातली रोजची वाटी घ्या, पाण्याने भरा आणि पाणी मोजा. मी ९० मिलीपासून २५० मिलीपर्यंतच्या 'वाट्या' मोजल्या आहेत. मग पळी, फुलपात्र, चहाचा कप. वहीच्या पहिल्या पानावर त्या घराची मापं लिहून ठेवा. पुढची प्रत्येक नोंद त्यावरूनच वाचायची.

भाकरीबद्दल तीन प्रश्न. कशाची? किलोच्या किती? आणि पीठ कोण मळतं? पहिला प्रश्न बावळट वाटतो, पण सोलापूर-बीडकडे भाकरी म्हटली की ज्वारी गृहीत असते, कोकणात तांदळाची असू शकते, थंडीत बाजरीची आणि खानदेशात ज्वारीत उडीद दळलेल्या कळण्याची. तक्त्याप्रमाणे शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं (पचल्यावर रक्तात ज्यांची साखर होते ते घटक), बाजरीत ६२, नाचणीत ६७, गव्हाच्या पिठात ६४ आणि पांढऱ्या तांदळात ७८. आकडे पुन्हा पाहा. ज्वारी आणि गहू यांत फारसा फरक नाही. "मी चपाती सोडली, आता भाकरीच" असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. फुलक्याला २५–३० ग्रॅम पीठ लागतं आणि भाकरीला ८०. दोन फुलके सोडून दोन भाकऱ्या धरल्या तर कर्बोदकं दुपटीच्याही वर जातात. ज्वारी वाईट नाही, मीही तीच खाते. पण 'ज्वारीने साखर वाढत नाही' हे कुणीतरी पसरवून ठेवलंय आणि ते आपल्याला दारोदार निस्तरावं लागतं. पीठ मळणारी बदलली, म्हणजे सून माहेरी गेली आणि सासूने भाकऱ्या थापल्या, तरी आकडा बदलतो. म्हणून तिसरा प्रश्न.

दुसरा मोठा सापळा कच्च्या आणि शिजलेल्या वजनाचा. तक्त्यातले धान्य-डाळींचे आकडे कच्च्या मालाचे आहेत. शिजलेला भात काट्यावर ठेवून ते आकडे लावलेत तर जवळपास तिप्पट उत्तर येईल, कारण तांदूळ पाणी पिऊन अडीच ते तीन पट होतो. सोपी रीत अशी: घरात किती तांदूळ शिजला आणि त्यातला किती हिस्सा या माणसाच्या ताटात गेला, ते विचारा. आमटीचंही तेच. डाळ किती टाकली, जेवणारे किती. पाच माणसांना शंभर ग्रॅम तूरडाळ शिजली असेल, तर "मी भरपूर वरण खातो" म्हणणाऱ्याच्या वाट्याला २० ग्रॅम डाळ येते. त्यात प्रथिनं जेमतेम चार-साडेचार ग्रॅम.

कोकणात आणि गोव्यात पेजेशी गाठ पडेल. पेज म्हणजे पाणी असं समजून सोडू नका. वाडग्यातली शितं गाळून एकदा मोजाच. उकड्या तांदळाची घट्ट पेज सकाळी दोन वाडगी झाली, तर तो नाश्ता नव्हे, जेवण झालं. गोव्यात पोई किंवा पाव किती, हेही नगावर सोडू नका. बेकरीप्रमाणे आकार बदलतो, म्हणून एक विकत घेऊन काट्यावर ठेवा.

वऱ्हाडात गोळाभात असेल तर भातात बेसनाचे गोळे आणि वर फोडणीचं तेल असतं. तिन्ही वेगळं लिहा. चकोल्या, थालीपीठ, धपाटे यांतही पीठ वेगळं, डाळ वेगळी, तेल वेगळं. 'एक प्लेट' असं वहीत दिसलं की ते खोडा आणि परत विचारा.

५. एक दिवस पुरत नाही

सलग नसलेले तीन दिवस घ्या. त्यात एक बाजाराचा दिवस असू द्या, कारण त्या दिवशी भजी, वडापाव, भेळ, रसाचा ग्लास असतो. पाव लिटर उसाच्या रसात सुमारे ३० ग्रॅम साखर असते. तिसरा दिवस उपवासाचा.

उपवास आपल्याकडे आठवड्यातून एकदा असतोच, काहींचा दोनदा. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, वर श्रावण आणि नवरात्र. 'उपवास आहे, आज काहीच नाही' या वाक्यामागे साबुदाणा खिचडी, भगर, बटाट्याची भाजी आणि राजगिऱ्याचा लाडू असतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं आणि प्रथिनं नावाला. उलटं टोकही असतं: निर्जळी उपवास आणि सकाळची गोळी किंवा इन्सुलिन मात्र चालू. असं आढळलं तर नोंद तिथेच थांबवून त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायला लावा. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनाही हेच लागू. गोळ्यांचं वेळापत्रक रोजे सुरू व्हायच्या आधी बदलून घ्यावं लागतं.

"मधेच घाम फुटतो का? हात थरथरतात का?" हेही विचारा. रक्तातली साखर यंत्रावर ७० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली गेली की असं होतं, आणि तेव्हा तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून घेणं, पंधरा मिनिटांनी परत तपासणं हेच बरोबर. रात्री उठून बिस्किटं खाणाऱ्या एका मावशींना घरचे चोर ठरवून मोकळे झाले होते. त्यांची साखर रात्री उतरत होती. डॉक्टरांनी मात्रा बदलली आणि बिस्किटांचा पुडा आपोआप फडताळात राहिला.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं वर्ष दोन भागांत लिहा. कारखाना चालू असताना पहाटे चारला बांधलेली भाकरी-चटणी आणि दिवसभर कष्ट. गावी आल्यावर तेच ताट, पण काम नाही.

६. किराण्याची चिठ्ठी

माणूस विसरतो, दुकानदाराची चिठ्ठी विसरत नाही. महिन्याला तेल किती आणता, हे विचारा. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर ते साधारण साडेचार किलो तेल झालं. भागिले चार, भागिले तीस: माणशी रोजचे ३७–३८ ग्रॅम. त्याच्याच सुमारे ३४० कॅलरी. काकू म्हणतात "तेल अगदी नावाला घालते", आणि डबा काहीतरी वेगळंच म्हणतो. साखर, गूळ, शेंगदाणे, बेसन यांचंही असंच करा. आलेगेले पाहुणे आणि शेजारचा चहा यांची थोडी वजावट धरा.

७. आकडे मांडताना

रोज दहा तास रिक्षा चालवणाऱ्या एका काकांचा दिवस असा निघाला. प्रत्येक ओळीत शेवटी कर्बोदकं, ग्रॅममध्ये:

– पहाटे चहा, दोन चमचे साखर: १०
– ग्लुकोज बिस्किटं चार: १५
– पोहे, कोरडे ६० ग्रॅम: ४६
– दुपारी ज्वारीची भाकरी दोन (पीठ १६० ग्रॅम): १०८
– पिठलं, बेसन ३० ग्रॅम: १४
– स्टँडवर चहा दोनदा: २०
– रात्री भाकरी दीड (पीठ १२० ग्रॅम): ८१
– भात, तांदूळ ४० ग्रॅम: ३१
– आमटी, तूरडाळ २० ग्रॅम: ११

बेरीज ३३६. भाकरीला ३० ग्रॅम पीठ धरलं असतं तर हीच बेरीज सुमारे १२० ग्रॅमनी कमी आली असती आणि आपण त्यांना "मग साखर का वाढते कळत नाही हो" असं सांगून घरी धाडलं असतं. यादी वरून खाली वाचली की आणखी एक दिसतं: नजर जाते चहाकडे, पण तिन्ही चहांची साखर मिळून ३० ग्रॅम आणि भाकऱ्यांचे १८९. दिवसभरात भाजी कुठे आहे? पिठलं आणि आमटी वगळता प्रथिनं कुठे आहेत? हे काका काही जगावेगळे नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहावरच्या देशव्यापी सर्वेक्षणाच्या (आयसीएमआर-इंडियाब) २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांमधूनच येतात.

तक्ते वाचताना दोन गोष्टींत मी स्वतः फसले आहे. २०१७ च्या तक्त्यांत उष्मांक किलोज्यूलमध्ये दिलेत. कॅलरी हव्या असतील तर ४.१८ ने भागा, नाहीतर ज्वारी शंभर ग्रॅमला १४०० 'कॅलरी' दिसते आणि आपण हबकतो. दुसरं, जुने (२०१७ च्या आधीचे) आणि नवे तक्ते एकाच हिशोबात मिसळू नका. जुन्यात ज्वारीची कर्बोदकं ७२.६ आहेत, नव्यात ६७.७. मोजण्याची पद्धत वेगळी, म्हणून आकडा वेगळा.

८. यंत्रातल्या आकड्याशी जोडणी

साखर तपासायच्या यंत्राच्या पट्ट्या महाग असतात, त्यामुळे रोज चार वेळा बोट टोचा असं सांगून उपयोग नाही. एकच जेवण निवडा, बहुधा दिवसातलं सर्वांत मोठं. जेवायला बसताना एक आकडा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरा. 'जेवण झाल्यावर दोन तासांनी' असं नाही. पहिला घास घेतल्याची वेळ लिहायला लावा. असं तीन दिवस केलं की ताट आणि आकडा शेजारी शेजारी दिसतात, आणि मग आपल्याला फारसं बोलावं लागत नाही.

९. बदल एकच, आणि त्याच ताटातला

एका मोठ्या दवाखान्याचा छापील आहार-कागद मी एका घरात पाहिला होता. सकाळी ओट्स, संध्याकाळी ब्राऊन ब्रेडचे दोन स्लाइस. त्या घरात पाव फक्त बाजारच्या दिवशी येतो. कागद फ्रीजवर चिकटवलेला होता, वर लोहचुंबकाचं फळ.

आजींच्या बाबतीत मी एवढंच केलं: दोन भाकऱ्यांची दीड, आणि गेलेल्या अर्ध्या भाकरीच्या जागी मटकीची किंवा हुलग्याची उसळ एक वाटी, त्यांच्याच वाटीने. उसळ घरात होतच होती, पण ती वाटायची पद्धत अशी की आधी मुलगा, मग नातवंडं, आजींना रस्सा. सून समोर बसली होती म्हणून हे कळलं. उपवासाला खिचडीची अर्धी बशी, सोबत दही आणि काकडीची कोशिंबीर. बाकी काही नाही. चहाला मी तेव्हा हातही लावला नाही. एकदम चार गोष्टी काढून घेतल्या तर आठव्या दिवशी चारही परत येतात.

क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर उसळ-डाळ वाढवायचा सल्ला स्वतःहून देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.

पंधरा दिवसांनी परत एका दिवसाची नोंद घ्या. तीन महिन्यांची सरासरी साखर तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासण्यात फारसा अर्थ नाही. तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचं खाणं सांगतो. म्हणूनच तपासणी जूनमध्ये आली तर रिपोर्ट उघडण्याआधी विचारा, घरात आमरस किती दिवस चालला आणि वाटी कोणती होती.